तीन नंबरचं पाकीट

लिहून ठेवते मी, या लाँड्रीची मालकीण, वय एक्याऐंशी, शिक्षण दुसरी पास आणि तिसरीचा पहिला आठवडा. माझी शुद्ध जागेवर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून फशी पाडलेलं नाही, आणि तसा पाडणारा अजून जन्माला यायचाय. माझ्या पश्चात माझ्या वस्तूंचं काय करायचं ते मी माझ्याच हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडं आहे, म्हणणं सरळ आहे.

डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला जोडलेला बरा, असं वकीलबाई म्हणाल्या, म्हणून समोरच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"तुमचा दवाखाना बंद असतो तो. नाहीतर तुम्ही इथे कशाला आला असता?"

"बरं. शंभरातून सात-सात वजा करत या."

"तुम्ही करा, मी तपासते."

दाखला दिला त्यांनी. सोबत जोडला आहे.

वकीलबाईंनी एक छापील नमुनाही दिला होता. त्यात स्थावर, जंगम, हयात, पश्चात असे शब्द होते. शब्द चांगले आहेत, बसतील तिथे मी घातले आहेत. पण नमुन्यात भांडणं वाटून द्यायला रकाना नव्हता, म्हणून कोरे कागद घेतले.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात सगळं मुलाला दिलं होतं. ते आजपासून रद्दबातल. मुलावर राग आहे म्हणून नव्हे. माझा मुलगा आणि माझी नात, म्हणजे बाप आणि लेक, दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. मुलाला वाटतं चूक लेकीची. लेक त्याला तसं वाटू देते. चूक माझी आहे. हे मी मेल्यावर कळून उपयोग नाही, मेलेल्या माणसावर कोणाला धड ओरडताही येत नाही. म्हणून हा कागद मी मुलाला समोर बसवून वाचून दाखवणार आणि साक्षीदार म्हणून त्याची सही घेणार. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाईंचं म्हणणं. म्हणून मुलाला काही नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराने फक्त तुमची सही बघायची असते. आतलं ऐकायची गरज नसते."

"या साक्षीदाराला आहे."

"आणि ऐकून त्यांनी सही केली नाही तर?"

"तर कागद वाया जाईल, आणि दोन माणसं. कागद दुसरा मिळतो."

कलम पहिलं. दुकान. दोन धुलाई यंत्रं, वाफेचं टेबल, चार विजेच्या इस्त्र्या, काउंटर, कपडे टांगायचे दांडे आणि हँगर, हे सगळं आमच्या कारागिराला द्यावं. तो सव्वीस वर्षं इथे उभा आहे. प्रत्येक शर्ट उचलून "कडक!" म्हणतो म्हणून त्याचं नाव कडक पडलं. त्याच्या पायांच्या शिरा फुगल्यात, त्याने आता एक उंच स्टूल घ्यावं आणि बसून काम करावं. बसून इस्त्री चांगली होत नाही, हे मीच त्याला पंचवीस वर्षं सांगितलं. ते खोटं होतं. मला तो उभा दिसायला हवा होता.

अट एकच, आमची पद्धत मोडू नये. ती माझ्या नवऱ्याने घातली आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला नंबर, तो कॉलरच्या आत न जाणाऱ्या शाईने लिहायचा. कपडा पाण्यात जाण्याआधी खिसे तपासायचे. निघेल ती वस्तू त्या नंबरच्या पाकिटात घालून पत्र्याच्या डब्यात ठेवायची. वाचायची नाही, दाखवायची नाही, आपण होऊन काढायची नाही. गिऱ्हाइकाने मागितली की द्यायची. एकदा एका भल्या माणसाला मी त्याच्या बायकोदेखत म्हटलं, "अहो, हे तुमच्या खिशात राहिलं होतं," आणि त्याचा संसार आमच्या काउंटरवर फुटला. त्या दिवसापासून हा नियम. वर्ष संपलं की राहिलेली पाकिटं उघडायची, कागद असतील ते जाळायचे. घरच्यांनाही नंबर होते. एक नवरा, दोन मी, तीन मुलगा, चार सून, पाच नात.

कलम दुसरं. दुकानावरच्या दोन खोल्या आणि दुकानामागची एक, ही स्थावर मालमत्ता नातीची. मागच्या खोलीत तिचे संगणक आहेत, वायरींचं जंजाळ आहे आणि उजेड अडवायला खिडकीवर टांगलेली जाड चादर आहे. चादर आमची नाही, तीनशे बारा नंबरची आहे. तो आला तर द्यावी आणि इतकी वर्षं कुठे होतास विचारावं.

नातीला मी भिंगरी म्हणते. लहानपणी एका जागी ठरायची नाही. आता कॅमेऱ्यामागे चार-चार तास दगडासारखी बसते, पण नाव एकदा पडलं की पडलं. तिला खोल्या का देते हे समजायचं तर ती कशी घडली ते लिहायला हवं. वकीलबाई म्हणतात, गरज नाही. त्यांना पानामागे पैसे मिळत नाहीत, म्हणून म्हणतात.

ती विद्यापीठात रसायनशास्त्र शिकायला गेली. मुलगा पाणीपुरवठा कार्यालयात आहे, आता राहतोही वेगळा. घरात शास्त्रज्ञ होणार म्हणून त्याने अख्ख्या कार्यालयाला चहा पाजला. दुसऱ्या वर्षी तिची आई वारली. आई म्हणजे माझी सून. भिंगरी नऊ वर्षांची असताना ती घर सोडून गेली होती, लांबच्या गावी बालवाडीत शिकवत होती, आणि भिंगरी सुट्ट्यांत तिच्याकडे जायची. घर का सोडलं ते पाचव्या कलमात येईल. तिथे मला पळायला जागा नाही.

आईची भाड्याची खोली रिकामी करायला भिंगरी एकटी गेली. जाताना मैत्रिणीचा कॅमेरा मागून नेला. मी फोनवर विचारलं, "अगं, तिथे कॅमेरा कशाला?"

"हात मोकळे राहिले असते तर रडत बसले असते."

सामान एकेक करून दाराबाहेर जातं. पलंग, शेगडी, मुलांच्या चित्रांचा गठ्ठा. शेवटी दाराआडच्या खिळ्यावर एक हँगर उरतो. हँगर आमच्या दुकानाचा. सुनेने तो जाताना नेला होता आणि दहा वर्षं वापरला होता. बस, एवढाच सिनेमा. अकरा मिनिटं. तो घेऊन ती विद्यापीठाच्या सिनेमा विभागात गेली, म्हणाली, मला इथे घ्या. रसायनशास्त्र सुटलं.

मुलगा भडकला. "सिनेमा शिकायला विद्यापीठ लागतं? तिकीट काढलं, बसलं, झालं!"

"बाबा, नळ सगळ्यांनाच सोडता येतो. म्हणून तुमचं कार्यालय बंद करायचं का?"

मी हसले, आणि दोघंही माझ्यावर चिडले. मुलाने ती अकरा मिनिटं पाहिली नाहीत. नंतर बघतो म्हणाला. खोली कोणाची ते त्याला ठाऊक होतं.

विद्यापीठातून निघाल्यावर तिने चार वर्षं लोकांची लग्नं काढली. एका दाताच्या डॉक्टरची जाहिरात काढली, तीत कडक हसला आहे. त्याचे दात त्याचे नाहीत, पण जाहिरातीत कोण विचारतं. मग एक गॉगलवाला निर्माता भेटला. घरातही गॉगल काढायचा नाही. त्याने तिला मोठा सिनेमा दिला, नट दिले, गाड्या दिल्या, गोष्टही स्वतःचीच दिली. संपल्यावर तिला न विचारता कापला आणि हवा तसा जोडला. आम्ही बघायला गेलो. अंधारात ती माझ्या कानाशी म्हणाली, "आजी, यात माझं फक्त नाव आहे." सिनेमा आठवडाभर चालला. पुढच्या आठवड्यात ती दोन बॅगा घेऊन आमच्या दारात. वय सत्तावीस.

मी विचारलं नाही. तिला काउंटरवर बसवलं, नंबर घालायला. तीन महिने तिने कॉलरीच उलटल्या. एक दिवस बघते तर हँगरच्या दांड्याखाली कॅमेरा.

"काय काढतेस?"

"माहीत नाही अजून."

"मग ठीक आहे," म्हटलं. "माहीत असलं की तू गॉगलवाल्याकडे जातेस."

बाहेरच्या थंडीतून कॅमेरा आमच्या वाफेत आणला की काचेवर धुकं धरायचं. तिने पुसून पुसून त्या काचेचा जीव घेतला. शेवटी कडक म्हणाला, "ताई, गार वस्तूला गरम हवेत घाम येतोच. त्याला आधी तासभर नुसतं बसू द्या." तेव्हापासून कॅमेरा तासभर आधी येऊन काउंटरवर बसायचा, उधारीवाल्या गिऱ्हाइकासारखा गप्प.

चार वर्षं काढलं तिने. एकटीने. दिवे नाहीत, माणसं नाहीत, "पुन्हा करून दाखवा" नाही. एकदा मी एक बाही दुहेरी दाबली, घडीवर घडी पडली. म्हटलं, थांब, परत करते. ती म्हणाली, "नको आजी. चुकलीस तेच हवंय." त्या दिवशी मला कळलं, पोरीला हात बसला. गॉगलवाल्याने तिला चुका लपवायला शिकवलं होतं. इथे ती त्यांच्याकडे टक लावून बघायला शिकली. तोच तो दुकानाचा सिनेमा, जो पुढे अठरा देशांत गेला, आणि कुठल्याशा थिएटरात माणसं उभी राहून टाळ्या वाजवत राहिली. किती वेळ, ते ती सांगत नाही. कडक मिनिटं सांगतो, दर वेळी वाढवून.

कलम तिसरं. बँकेतली शिल्लक नातीची. आकडा लिहीत नाही, आकडा दिसला की नातेवाइकांना प्रेम येतं. ती पुढच्या सिनेमात घालील. घालू दे.

कलम चौथं. किरकोळ जंगम आणि जुने हिशेब.

दुकानाच्या सिनेमाला मिळालेलं काचेचं बक्षीस नातीचंच आहे. माझ्याकडे पावत्या उडू नयेत म्हणून ठेवलं होतं, नेताना पावत्यांवर दुसरं काही ठेवावं.

कोळशाची जुनी इस्त्री कडकला. कोणी प्रदर्शनात मांडायला मागितली तर देऊ नये. तिने माझा अंगठा भाजला आहे, ती काही शोभेची वस्तू नाही.

माझा लोकरीचा कोट वकीलबाईंना. त्यांचा पाहवत नाही. मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी, माझाच कोट घालून.

विद्यापीठातले एक प्राध्यापक त्या अकरा मिनिटांवर म्हणाले होते, "यात गोष्ट कुठे आहे? सामान जातंय, एवढंच." आता ते सांगत फिरतात, ती माझी विद्यार्थिनी. फिरू द्यावं. मी त्यांना काही देत नाही. घ्यायचं ते त्यांनी आधीच घेतलं आहे.

वर्तमानपत्रात सिनेमावर लिहिणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी छापलं, "या चित्रपटाचा आत्मा म्हणजे आपल्या नियमाला जागणारी ती निरागस वृद्धा." कडकने मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाला, "बघा, तुमच्यावर लिहिलंय." मी त्याला कामाला लावलं. रात्री जेवण गेलं नाही. त्या गृहस्थांना मी 'निरागस' हा शब्द परत करते. तो माझा नव्हे. का, ते पुढे.

कलम पाचवं. पत्र्याचा डबा.

यातलं तीन नंबरचं पाकीट आता रिकामं आहे. त्यातली चिठ्ठी नातीकडे आहे. ही चिठ्ठी कोणाची, कशी आली आणि मी काय केलं ते सांगते. मुला, बसून ऐक. उठायचं असेल तर उठ, पण परत ये.

सुनेचं आणि माझं पटत नव्हतं. तिला काम करताना गाणं लागायचं, मला शांतता. ती खिडकी उघडायची, मी लावायची. एवढ्याएवढ्या गोष्टी, पण रोज. तू मधे पडत नव्हतास. तू तिच्याशी चार दिवस बोलला नव्हतास, का ते तुलाच ठाऊक. बोलत नाही म्हणून तिने चिठ्ठी लिहिली आणि तुझ्या तपकिरी कोटाच्या खिशात ठेवली, कारण तो कोट तू रोज घालायचास. भिंगरीला शाळा होती म्हणून तिला आमच्याकडे ठेवून ती बहिणीकडे गेली. आणि त्याच सकाळी उकडायला लागलं म्हणून तू कोट धुण्याच्या टोपलीत टाकलास.

मी खिसा तपासला. घडी केलेला कागद निघाला. तीन नंबर. पाकिटात. डब्यात.

आपल्याच पोराला हाक मारून "अरे, खिशात कागद होता रे" एवढं म्हणायला काय लागत होतं? कोणतीही आई म्हणाली असती. पण पस्तीस वर्षं हाताला एकच वळण. गिऱ्हाइक मागेल तेव्हा द्यायचं. तू मागितलं नाहीस. तुला ठाऊकच नव्हतं, तर मागशील कसा, हे माझ्या डोक्यात आलं नाही. इथवर चूक लाँड्रीवालीची. पुढची आईची.

अकरा महिन्यांनी, वर्षअखेरीला, मी पाकिटं उघडली. तीन नंबरचा कागद जाळण्याआधी सहज उलगडला आणि अक्षर ओळखलं. बोट ठेवून वाचलं. दुसरी शिकलेल्या बाईला नऊ ओळींना किती वेळ लागतो? कडकचे सहा शर्ट झाले. त्याने विचारलं, "काय आहे हो?" म्हटलं, "बिल आहे कोणाचं तरी."

तिने लिहिलं होतं, मी बहिणीकडे आहे. मला आईंच्या हाताखाली राहायचं नाही. दोन गल्ल्या सोडून का होईना, वेगळी खोली बघू. तुम्ही स्वतः न्यायला या. शुक्रवारपर्यंत वाट बघते. आला नाहीत तर उत्तर समजले.

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. ती अजून बहिणीकडेच होती, नोकरी शोधत होती. तिला वाटत होतं, तू वाचून आला नाहीस. तुला वाटत होतं, ती न सांगता गेली. दोघंही मानी, पहिला शब्द कोणी काढेना. तू जेवताना दाराकडे बघायचास. मी तो कागद तुझ्या ताटाशेजारी ठेवला असता तर तू चपला न घालता धावला असतास.

ठेवला नाही. का, तेही लिहिते. घर शांत झालं होतं. तू माझ्या हातचं जेवत होतास, पोर माझ्याजवळ झोपत होती, खिडकी माझ्या मनाप्रमाणे बंद होती. मला बरं वाटत होतं. एवढंच कारण आहे. याहून मोठं एखादं कारण मी पुष्कळ वर्षं शोधलं. सापडलं नाही.

नियमाप्रमाणे कागद जाळायला हवा होता. तो जाळवला नाही. परत पाकिटात घातला. उभ्या जन्मात नियम मोडला तो या एका कागदापुरता, वाचला आणि जाळला नाही, आणि तोही कोणाच्या उपयोगाचा नाही.

वीस वर्षांनी, तशाच एका वर्षअखेरीला, मी डबा रिकामा करत होते आणि भिंगरी समोर बसून काढत होती. तिने काही विचारलं नव्हतं. न विचारणाऱ्यासमोर माणूस जास्त बोलतं. मी तीन नंबरचं पाकीट हातात घेतलं आणि वर लिहिलं तेवढं सगळं बोलून टाकलं, बरं वाटत होतं इथपर्यंत. ती कॅमेऱ्यामागून हलली नाही. मग हात पुढे केला. "दे." उभ्याने वाचली.

"आजी, हे बाबांना सांगितलंस?"

"तू सांग."

"मी का?"

"तुझा सिनेमा सांगेल."

पाहिलंत? अठ्ठ्याहत्तर वर्षांची हुशारी. स्वतःचं तोंड उघडायला नको म्हणून नातीचा सिनेमा पुढे केला.

पुढे आठ महिने ती मागच्या खोलीत सिनेमा जोडत बसली. एक दिवस मला बोलावून दाखवला. डबा उघडतो, पाकीट निघतं, तिचे हात चिठ्ठी उलगडतात, ती वाचते. बघणाऱ्याला वाटावं, चिठ्ठी हिलाच सापडली.

"माझं बोलणं कुठे गेलं?"

"कापलं. एक मिनिट चाळीस सेकंद."

"का?"

"पुढच्या वर्षी ऐंशीची होशील. लोक तुझा पिच्छा पुरवतील. मला बोलू देत, मला सवय आहे."

"कापलेलं जातं कुठे?"

"कुठे नाही. इथेच असतं."

मी गप्प बसले. दुसऱ्यांदा.

आमच्याच गावातल्या थिएटरात सिनेमा लागला. तू सूट घालून आलास, लेकीचं कौतुक बघायला. मीच तो सूट दाबला होता. बाहेर पायऱ्यांवर तू तिला विचारलंस, "ती चिठ्ठी कधी मिळाली तुला?"

"आठ महिने झाले, बाबा."

"आठ महिने! आणि मला दोनशे लोकांत बसून कळतंय? तिकीट काढून?"

"बाबा, मी..."

"सिनेमासाठी राखून ठेवलीस."

ती माझ्याकडे बघत होती. मी कोटाची बटणं लावत होते. पाच बटणं. सगळी लावून झाल्यावर काढली आणि परत लावली. तोवर तू पायऱ्या उतरून गेला होतास.

तिची चूक आहेच. आठ महिन्यांत एकदा तरी तुझ्या दारात यायला हवं होतं. तिची चूक आठ महिन्यांची, माझी तेवीस वर्षांची. तू आठ महिन्यांवर दोन वर्षं रुसून बसलायस, आणि दर रविवारी येऊन माझ्या गुडघ्यांना तेल लावतोस.

कलम सहावं. जे माझं नाही ते.

दुकानाचा सिनेमा माझी मालमत्ता नाही, म्हणून मी तो कोणाला देऊ शकत नाही. गेल्या महिन्यात मी भिंगरीला फोनवर म्हटलं, "ते कापलेलं परत लाव."

"आजी, माझ्या सिनेमात काय असावं ते मी ठरवते."

बरोबर बोलली. गॉगलवाल्याला हेच म्हणायचं राहून गेलं होतं तिचं. पण मग तिने वर्गातलं सांगितलं. त्याच विद्यापीठाने आता तिला एका सत्रापुरतं शिकवायला बोलावलंय. वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही या सिनेमातून काय कापलंत?" हिने वर्ग अर्धा तास आधी सोडला. दोन वर्षांत तिने नवीन काही काढलेलं नाही. कॅमेरा उचलते आणि खाली ठेवते. लोक विचारतात, पुढचा सिनेमा कधी? ती म्हणते, सुचत नाही. मला ठाऊक आहे काय ते. चुकांकडे टक लावून बघणारी पोर एका चुकीवर स्वतःच चादर टांगून बसली आहे, आणि चादर माझ्यासाठी टांगली आहे.

तेव्हा मी लिहून देते की ती एक मिनिट चाळीस सेकंदं दाखवायला माझी हयातीत आणि पश्चात पूर्ण परवानगी आहे. लोक मला काय म्हणतील ते मी ऐकून घेईन, एका कानाने तसंही कमीच येतं. लावायचं की नाही ही तिची मर्जी. पण "आजीसाठी लपवलं" हे कारण मी आज तिच्याकडून काढून घेतलं. आता दुसरं असेल तर तिने तिचं शोधावं.

कलम सातवं. मी गेल्यावर फार माणसं जमवू नयेत. कपडे कडकने दाबावेत, कॉलर आधी. भिंगरीने कॅमेरा आणला तर कोणी तिला दटावू नये. तिचे हात मोकळे राहिलेले बरे नव्हेत.

आणि मुला, तुला. तुला काही ठेवलं नाही, कारण वर सांगितलं. माफीही मागत नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि तुझ्याकडून मी आधीच पुष्कळ घेतलंय. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. गुडघ्यांना तेल मी माझं लावीन, हात पोचतात. तिने दोन वर्षं जे ऐकून घेतलं ते तिचं नव्हतं, माझं होतं. ते तिच्या अंगावरून काढून घे. मला एवढंच हवं आहे. बाकी सहा कलमं कागदाचं वजन.

वरचा मजकूर मी लिहिला, मीच मोठ्याने वाचला, कुठे खोडलेलं नाही. पाचव्या कलमात एक डाग आहे, तो चहाचा.

स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: नऊ मार्च, दुपार
लिहून देणारी: लाँड्रीची मालकीण, नंबर दोन. (सही)

साक्षीदार पहिला, समोरचे डॉक्टर:
लिहून देणारीने माझ्यासमोर सही केली. मीही तिच्यासमोर करत आहे. वाचनाला एक तास दहा मिनिटे लागली. पाचव्या कलमाच्या वेळी साक्षीदार दुसरे उठून दुकानाच्या पुढच्या भागात गेले. आजी वाचायच्या थांबल्या. वीस मिनिटांनी ते परत आले, तेव्हा जिथे थांबल्या होत्या तिथून पुढे वाचले. (सही)

साक्षीदार दुसरा, मुलगा, पाणीपुरवठा कार्यालय:
आईने माझ्यासमोर सही केली हे खरे. कलम पाच मी नंतर स्वतः आणखी एकदा वाचले. त्याबद्दल मला जे म्हणायचे आहे ते येथे लिहीत नाही, साक्षीदाराने आपल्यापुरतेच लिहावे. आईशी मी काही दिवस बोलणार नाही. मुलीला आत्ता फोन लावला आहे. फोन डाव्या हातात धरल्यामुळे कागद हलतो आहे, अक्षराबद्दल क्षमस्व. पलीकडे घंटा वाजते आहे. ती उचलेपर्यंत सही करून घेतो.
(सही)